बोथट पावशी

आमच्या घरात नीट कापेल अशी एकही वस्तू नव्हती. कांदा बुक्कीनं फुटायचा, भेंडी हातानं मोडायची, वांगं पाट्यावर ठेवून वरवंट्याचा एक ठोका बसला की देठासकट कढईत जायचं. विळी होती. आमच्याकडं तिला पावशी म्हणतात. पण ती नावालाच. दर पंधरा-वीस दिवसांनी माय अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी बसायची, पावशीचं पातं त्याच्यावर आडवं टेकवायची आणि घासायला लागायची, खर्र खर्र, खर्र खर्र. बायका धार लावायला घासतात, माझी माय धार मारायला घासायची. मग पात्यावरून अंगठा फिरवायची, अंगठा उलटसुलट बघायची, आणि तिच्या कपाळावरची आठी जरा सैल व्हायची. तो आवाज ऐकला की मी असेन तिथं थांबायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच करतात. चौथीत असताना एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं टमाटर चिरताना पाहिला आणि त्याच्या पातळ, गोल, सारख्या चकत्या बघून मी घाबरले. मी चक्क बाहेर ओट्यावर येऊन बसले.

बाबा कारंज्याच्या एका आरामशीनवर, लाकडं चिरायच्या गिरणीवर, कामाला होते. मी तीन-चार वर्षांची असेन, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं आऱ्यात गेली. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं. अंगठा आणि तर्जनी राहिली. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही, फक्त मायचं नवं लुगडं आठवतं, हिरवं, ते तिनं नेसलं होतं आणि नंतर कधीच नेसलं नाही. आरामशीनवाल्यानं बाबांना परत घेतलं नाही. आणि मायनं त्याच आठवड्यात ठरवलं की हत्याराला हात लावायचा नाही. शेतमजुरी करणारी बाई हे ठरवते याचा अर्थ काय, ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात कामं म्हणजे तणाचं निंदण, आणि निंदण म्हणजे विळा. माय कापूस वेचायला जायची, तुरी झोडपायला जायची, संत्र्याच्या बागेत टोपल्या उचलायला जायची. निंदणाला नाही. शेतमालकीण दारात येऊन म्हणायची, "इमल, बाया कमी पडून राह्यल्या, ये ना वं." माय म्हणायची, "कापूस फुटला की सांगजा." कापूस फुटायला अजून तीन महिने असायचे. ते तीन महिने आम्ही तरोटा आणि आंबाडी खाल्ली. पाला हातानं खुडता येतो.

पुढं बाबांना हायवेवरच्या एका धाब्यावर काम मिळालं. ट्रक मागं घेताना उभं राहून रस्ता दाखवायचा. आमचं घर हायवेपासून फार लांब नव्हतं. दुपारी भांडी घासताना मला त्यांची शिट्टी ऐकू यायची आणि मागून आवाज, "आने दे, आने दे, आने दे... बस." पंजाबी ड्रायव्हर त्यांना 'दो उंगली' म्हणायचे. बाबा हसायचे. त्या दोन बोटांनी ते एवढा मोठा ट्रक वीतभर जागेत बसवायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि त्याच वेळी त्या हाताकडं बघायची भीतीही वाटायची. आता तो हायवे चौपदरी झाला, धाबा उठला. मी त्या बाजूनं जाते तेव्हा अजूनही शिट्टी शोधते.

मला चित्रकलेच्या कॉलेजात मायनंच पाठवलं, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. बारावीनंतर मला शिवणक्लासला टाकायचं चाललं होतं. मायनं मोडता घातला, कारण तिथं कात्री होती. नर्सिंगचं निघालं, तर तिथं सुया. शाळेतले ड्रॉइंगचे सर घरी येऊन म्हणाले, पोरीच्या हातात चित्र आहे, वर्ध्याला पदवीचं कॉलेज आहे, मुलींचं वसतिगृह आहे. मायनं त्यांना एकच प्रश्न विचारला.

"तठी पोरीले कापाकापी तर नाई ना करा लागत?"

सर हसले. "नाही हो बाई. कागद आणि ब्रश."

"मंग जाऊ द्या," माय म्हणाली. "ब्रशानं बोट नाई कापत." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पण आइकून घे शोभे. एक बी बोट कापलं, तर त्याच दिवशी घरी. मंग नाव नाई घ्याचं कॉलेजाचं."

ही धमकी नव्हती. माय धमक्या देत नसे, सांगायची.

दर शनिवारी दुपारच्या गाडीनं मी घरी यायची. दारात पाऊल ठेवलं की पिशवी खाली ठेवायच्या आधी माय म्हणायची, "बोटं दाखव." मी दोन्ही हात पुढं करायची. ती एकेक बोट चिमटीत धरून, दाबून, नखापर्यंत बघायची, जशी बाजारात भेंडी बघतात. रंग लागलेला असायचा. निळं बोट एकदा तिनं पदरानं पुसून पुसून बघितलं होतं. दोन वर्षं हे असं चाललं. दोन वर्षं माझी दहा बोटं दर शनिवारी मोजून झाली आणि मी पहिल्या वर्गात पास होत गेले.

तिसऱ्या वर्षी छापचित्र हा विषय आला, ठोकळ्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. सक्तीचा. वर्षाच्या शेवटी आठ छाप द्यायचे, नाहीतर पदवी नाही. निमजे सर शिकवायचे, बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं अगदी हळू. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक जाडं कापड उलगडलं. आत सहा पटाश्या होत्या. सरळ, तिरपी, बारीक इंग्रजी व्हीच्या आकाराची, आणि तीन गोल, नालीसारख्या. खिडकीतलं ऊन त्यांच्या टोकांवर पडलं आणि मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. सर सांगत होते. ठोकळा आधी अडवून घ्यायचा, सुटा ठोकळा कोरायचा नाही. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागं, पुढं कधीच नाही. वळण आलं की मनगट वळवायचं नाही, ठोकळा फिरवायचा. एका दमात खोल जायचं नाही. पटाशी हातातून पडली तर झेलायची नाही, पाय मागं घ्यायचा. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं, अक्षर वाकडं आलं ते आजही त्या वहीत दिसतं. पण त्यांनी शेवटी जे सांगितलं ते मी लिहिलंच नाही, कारण मला ते पटलं नाही. ते म्हणाले, कोरायला बसायच्या आधी रोज धार बघायची, आणि नसेल तर लावायची.

मी आधी लिनोवर कोरलं. लिनो म्हणजे फरशीवर अंथरतात तसला रबरी तुकडा, उन्हात ठेवला की मऊ पडतो. त्यावर कापसाचं बोंड काढलं होतं. मी इतकी हळू कोरायची की बाकीच्यांचे दोन ठोकळे होईस्तोवर माझी एक पाकळी व्हायची. शेजारी आष्टीची कुंदा बसायची. ती म्हणायची, "शोभे, तू कोरून राह्यली का त्याले गुदगुल्या करून राह्यली?" सगळे हसायचे. मी पण. पण पटाशी उचलायच्या आधी मला दर वेळी बाबांचा हात दिसायचा, टेबलाच्या त्या बाजूला ठेवल्यासारखा. लाकूड आलं तेव्हा ही भीती वाढली. लिनो बिचारा ऐकतो. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात, आणि पटाशी रेषेत शिरली की ती आपली राहत नाही. पहिल्या दिवशी माझी पटाशी दोनदा सटकली. काही झालं नाही. पण मला शनिवार दिसायला लागला. मायच्या चिमटीतलं माझं बोट दिसायला लागलं.

मग मी ते केलं जे आमच्या घरातल्या पोरीलाच सुचलं असतं. रविवारी घरून लवकर परत आले, सगळ्या मुली बाहेर गेल्या होत्या. वसतिगृहाच्या मागं नळापाशी धुण्याचा दगड होता. मी पटाश्यांचं कापड घेऊन तिथं बसले आणि एकेक पटाशीचं टोक त्या दगडावर घासलं. खर्र खर्र. सहाही. मग प्रत्येकीवरून अंगठा फिरवला, उलटसुलट बघितला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता ही मला काही करू शकत नाही, असं वाटलं.

सोमवारी कोरायला बसले. पटाशी लाकडात शिरेना. मी जोर लावला. तिनं लाकडावर नुसता चकचकीत ओरखडा काढला. ठोकळा मी अडवून घेतला नव्हता, तो हलायला लागला म्हणून मी डाव्या हातानं त्याचा पुढचा काठ दाबून धरला. दुसरा हात पात्याच्या मागं, हे वहीत लिहिलेलं होतं. पण मला वाटलं, पातं बोथट आहे, त्याला काय घाबरायचं. अजून जोर लावला, खांद्यापासून. पटाशी एक क्षण गाठीवर अडली आणि मग सुटली. आवाज काहीच झाला नाही. मला आधी फक्त थंड वाटलं. मग बघितलं, तर डाव्या हाताच्या तर्जनीच्या बुडाशी एक फाटकी, वाकडी जखम होती आणि लाकडाच्या रेषांमधून रक्त चाललं होतं, अगदी शाईसारखं, कोरलेल्या जागा भरत. मी ओरडले नाही. मी बोट हलतं का ते बघत होते. हललं. मग म्हटलं, "कुंदे, माह्या मायले सांगू नको." कुंदा म्हणाली, "तुही माय इथं हाय का, येडे? ऊठ." तिनं स्वतःची ओढणी काढून माझ्या हाताला गुंडाळली आणि मला सायकलच्या मागं बसवून दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धारदार वस्तूची जखम सरळ असते, ही चिरडलेली आहे. कशानं लागलं?" मी म्हटलं, पटाशीनं. त्यांना पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निमजे सरांनी मला बोलावलं. माझी पटाशी त्यांच्या हातात होती. त्यांनी तिचं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवलं. ते घसरून गेलं. दुसरी, त्यांची स्वतःची, टेकवली. ती नखावर जिथल्या तिथं रुतून उभी राहिली.

"हिला कोणी मारलं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. "मी. दगडावर घासली."

"का?"

"भीती वाटते सर."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही पटाश्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले, "धारेची पटाशी थोडा जोर लावला तरी चालते, म्हणून आपल्या ताब्यात राहते. बोथट पटाशीला सगळं अंग लावावं लागतं, आणि ती सुटली की ते सगळं अंग तिच्या मागं जातं. भीती वाटू दे. पण कशाची वाटायला पाहिजे ते नीट ठरव." मी म्हटलं, सर, माझं कॉलेज आता बंद होणार आहे. आणि त्यांना मायची अट सांगितली. ते म्हणाले, "सोमवारपर्यंत तुझी जागा मी कुणाला देत नाही."

त्या शनिवारचा एसटीचा प्रवास मला फर्लांग फर्लांगानं आठवतो. डावा हात ओढणीखाली धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "हात दुखून राह्यला का वं?" मी नाही म्हटलं. मी उत्तरं जुळवत होते. दारात सापडला. काच लागली. नळाचा पत्रा लागला. प्रत्येक उत्तराला मायचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता. कारंज्याच्या स्टँडवर उतरायला मी इतका वेळ लावला की कंडक्टरनं दुसऱ्यांदा बेल मारली.

घरात पाटोड्यांचा वास होता. बेसन शिजवून ताटात थापलेलं, वर खोबरं आणि कोथिंबीर. माय दोऱ्यानं वड्या पाडत होती. हे आमच्याकडचंच. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात, आणि दोरा ताटातून ओढत न्यायचा. मी दारात उभी राहिले. तिनं दातातला दोरा काढला.

"बोटं दाखव."

मी उजवा हात पुढं केला. तिनं पाची बोटं पाहिली.

"दुसरा."

मी तशीच उभी. ती उठली, ओढणी बाजूला केली आणि पांढरी पट्टी तिच्यासमोर आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि पट्टीवरून बोटं चाचपली, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवं झाल्यावर परत पहिल्यापासून. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आत नेली आणि धान्याच्या कोठीमागं ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "जेवून घे."

मी रडले नाही, जेवलेही नाही. बाबा धाब्यावरून आले तेव्हा आम्ही दोघी दोन कोपऱ्यांत बसलो होतो आणि पाटोड्या तशाच ताटात होत्या, अर्ध्या पाडलेल्या. त्यांनी माझी पट्टी बघितली, मायकडं बघितलं, आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"कशानं लागलं?"

"पटाशीनं. लाकूड कोरा लागते आम्हाले."

"धार होती का तिले?"

हा प्रश्न मला एसटीत ऐकू आलेल्या प्रश्नांत नव्हता. मी म्हटलं, "नव्हती. मीच घालवली. दगडावर घासून. मायसारखी."

"अन् हा हात कुठं होता तुहा? पुढं?"

"हो."

बाबांनी स्वतःचा डावा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माहा बी पुढंच होता."

मायनं मान वर केली.

"शोभाची माय, आइक," बाबा म्हणाले. ते इतक्या हळू बोलत होते की बाहेरच्या ट्रकांच्या आवाजात शब्द बुडत होते. "आऱ्याले धार लावाचं काम माह्याकडं होतं. रोज दुपारी पातं उतरवाचं अन् कानशीनं एकेक दात घासाचा. त्या दिवशी म्या नाई लावली. घाई होती. म्हटलं, दोन ओंडके रेटून घेऊ अन् निघू. आरा जळून राह्यला होता, धूर निघे. ओंडका अडकला. म्या पुढून हातानं ओढला. धारेनं नाई गेली बोटं. धार असती तं ओंडका अडकलाच नसता."

"घाई कायची होती?" माय म्हणाली. पण मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं. तिचा आवाज आधीच बदलला होता.

"केळझरले जाचं होतं ना."

मला लहानपणी मोठा ताप आला होता आणि मायनं केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता, हे मला माहीत होतं. त्या दिवशीच तो फेडायला जायचं होतं, हे माहीत नव्हतं. हिरवं लुगडं कशासाठी नेसलं होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

"मीच म्हटलं होतं," माय म्हणाली. "दुपारच्या गाडीच्या आत या. मीच म्हटलं होतं."

"म्हणून तं नाई सांगतलं."

"अन् मी इतके साल पावशी घासून राह्यली."

"तुले बरं वाटे ना."

"तुम्ही पाहून राह्यले? इतके साल? पोरीनं बी माहंच पाहून केलं." ती थांबली. "म्या कापलं तिचं बोट."

"कोणी नाई कापलं," बाबा म्हणाले. "आहे अजून. मोज परत." आणि त्यांनी हसायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही.

त्या घरात इतकी शांतता मी नंतर फक्त एकदाच अनुभवली, बाबा गेले तेव्हा. मला भीती वाटत होती ती आता बोटाची नव्हती. मला वाटत होतं, माय आता उठेल आणि बाबांना काहीतरी असं बोलेल की जे परत घेता येणार नाही. ती उठली. दोरा दातात धरला आणि उरलेल्या वड्या पाडल्या. आम्ही तिघंही जेवलो.

रविवारी सकाळी बाबांनी धाब्यावरून खोक्याच्या फळ्या आणल्या आणि शेजाऱ्याची करवत मागून आणली. करवत आमच्या अंगणात. माय पाण्याचं निमित्त करून आत-बाहेर करत होती. बाबांनी पाय देऊन फळी दाबली, दोन बोटांचा हात करवतीच्या मागं ठेवला आणि कापलं. एका फळीच्या वरच्या काठाला एक पट्टी ठोकली, खालच्या काठाला उलट बाजूनं दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ठोकळा टेकतो, मग त्याला पुढून धरायची गरजच राहत नाही. अशी अडण निमजे सरांनी कॉलेजात दाखवली होती. बाबांनी ती कधी पाहिली नव्हती. आरामशीनवरच्या माणसाला ओंडका कसा अडवायचा ते कोणी सांगावं लागत नाही. "हात पुढं गेला की मले आठवजो," ते मला म्हणाले.

दुपारी बाजार होता. माय पावशी फडक्यात गुंडाळून निघाली. मी मागं गेले, तिनं येऊ नको म्हटलं नाही. धार लावणारा सायकल उभी करून पायडल मारत होता, दगडाचं चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या. त्यानं फडकं उलगडून पावशी उन्हात धरली.

"माई, हे पावशी हाय का बैलगाडीची पट्टी?"

"लाव धार," माय म्हणाली.

"जन्मात लावली होती का कधी?"

"तू लाव ना बाप्पा."

चाकाला पातं टेकलं आणि किर्र आवाज सुरू झाला. मायनं पाठ फिरवली. तिनं माझा उजवा हात घट्ट धरला होता आणि आवाज वाढला की ती माझी बोटं आवळायची. धारवाल्यानं पावशी परत दिली, म्हणाला, "जपून हो माई, लय दिवसांची सवय गेली असंल." ती फडक्यात गुंडाळून, अंगापासून हातभर लांब धरून, आम्ही घरी आलो. रस्त्यात माय एकदाच बोलली. "भेव तं वाटते," ती म्हणाली.

कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही. माझी पिशवी कोठीमागंच होती. सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा ती दाराशी होती, अडण तिला सुतळीनं बांधलेली, आणि वर जेवणाचा डबा. मी ती खांद्यावर घेतली आणि निघाले. एसटीत बसल्यावर मी डबा उघडला. दोन भाकरी, झुणका, आणि कोपऱ्यात कांदा. बुक्कीनं फोडलेला नव्हता. चिरलेला होता. चकत्या जाड-बारीक झाल्या होत्या, एक तर अर्ध्यातून तुटली होती. आमच्या घरात चिरलेला, मला आठवतो असा तो पहिला कांदा. मी तो खाल्ला तेव्हा शेजारचा माणूस बघत होता, म्हणाला, कांदा तिखट दिसतो. मी हो म्हटलं.

टाके निघेपर्यंत निमजे सरांनी मला कोरू दिलं नाही, फक्त धार लावायला लावली. तेलाच्या थेंबासह, धार लावायच्या बारीक दगडावर, एकाच कोनात, गोल पटाशी हळूहळू फिरवत. मी वर्गातल्या सगळ्यांच्या पटाश्यांना धार लावली. नखावर टेकवायची, रुतली की खाली ठेवायची, टोक माझ्यापासून लांब. परत कोरायला बसले तेव्हा पटाशी इतक्या वेळा उचलून खाली ठेवली की कुंदा म्हणाली, "आता मले गुदगुल्या होऊन राह्यल्या तुह्याकडं पाहून." मी ठोकळा अडणीला टेकवला, डावा हात मागं घेतला, पटाशी ठेवली. ती गेली. लोण्यात नाही, लाकडातच गेली, पण मी नेलं तिकडं, आणि एक बारीक वळलेली ढलपी वर आली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती आजही आहे. आता घरबसल्या पात्यानं न कापणारे जाळीचे हातमोजे मागवता येतात, माझ्या नातवानं आणून दिले, आणि मी ते घालते. पण कोणी माझ्याकडं बोथट सुरी आणून दिली तर माझ्या मानेवरचे केस उभे राहतात, ते धारदार सुरीनं राहत नाहीत.

शेवटचा, आठवा छाप मी बाबांच्या डाव्या हाताचा केला. सागाच्या तुकड्यावर, तळव्याच्या सगळ्या रेषांसह, दोन बोटं आणि तीन थोटकं. घरी नेऊन दाखवला. बाबांनी कागद हातात घेतला, मग स्वतःचा हात शेजारी धरला.

"हा तं उजवा झाला."

छापताना सगळं उलटं होतं, हे मला दोन वर्षांच्या पोरानंही सांगितलं असतं, पण मी त्या हातात इतकी गुंतले होते की ठोकळ्यावर चित्र उलटं काढायचंच विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे," बाबा म्हणाले. "डावा वाचला मंग." आणि या वेळी माय हसली.

निकाल लागल्यावर आम्ही तिघं केळझरला गेलो. मायनं हिरवं लुगडं नेसलं होतं, घड्यांवर पिवळं पडलेलं. नारळ तिनं स्वतः फोडला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली, दर वर्षी मुलांकडून लिनो कोरून घेतला, आणि कोरायच्या आधी प्रत्येक पात्याला स्वतः धार लावली. माझ्या वर्गात एकाही मुलाचं बोट कापलं नाही.